विश्लेषण : ‘डोम’चा ‘रोम’ कसा झाला? युरोपातील रोमा मूळचे भारतातील, हे कशावरून ठरले?

मुळशी तालुक्यातील गावजत्रांमध्ये डोंबाऱ्याचा खेळ अनेकांनी पाहिलेला असतो. बांबूच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली ढोलकी आणि वर काठी तोलत चालणारी मुलगी. खेळ संपला की थाळी फिरते, बिऱ्हाड आवरले जाते आणि पुढच्या गावाला जाते. ही माणसे मूळची कुठली, असे सहसा कुणी विचारत नाही. सहाशे वर्षांपूर्वी, ऑगस्ट १४२७ मध्ये, पॅरिसच्या वेशीबाहेर अशीच काही अनोळखी बिऱ्हाडे येऊन थांबली, तेव्हा मात्र हा प्रश्न लगेच विचारला गेला. उत्तर मिळाले ‘इजिप्त’. ते चुकीचे होते, आणि ही चूक दुरुस्त व्हायला साडेतीनशे वर्षे लागली.

त्या बिऱ्हाडांचे वंशज म्हणजे रोमा. युरोपात आज त्यांची संख्या १ कोटी ते १.२ कोटी असल्याचा अंदाज सांगितला जातो. दरवर्षी ८ एप्रिलला आंतरराष्ट्रीय रोमा दिन पाळला जातो. त्या सुमारास आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ‘युरोपातील जिप्सी म्हणजे आपले बंजारा बांधव’ असा संदेश हमखास फिरतो. त्यात खरे किती?

‘जिप्सी’ हे नाव कुठून आले?

‘इजिप्शियन’ या शब्दावरून. १४१७ च्या सुमारास रोमांच्या टोळ्या जर्मन प्रदेशात पोहोचल्या, तेव्हा आपण ‘लहान इजिप्त’मधून आलेले, प्रायश्चित्त म्हणून वणवण करणारे ख्रिस्ती यात्रेकरू आहोत, असे त्यांनी सांगितले. सम्राट सिगिसमंडची संरक्षणपत्रेही त्यांच्याकडे होती. यात्रेकरूंना अन्न-आसरा देणे हे त्या काळी पुण्यकर्म होते, त्यामुळे काही वर्षे स्वागत झाले. मग ते आटले. इंग्लंडने १५३० मध्ये ‘इजिप्शियनां’ना देशाबाहेर काढण्याचा कायदाच केला. इंग्रजीतील ‘जिप्सी’ हा शब्द त्याच गैरसमजाचे अवशेष आहे. आज अनेक रोमांना तो शिवीसारखा वाटतो. ते स्वतःला ‘रोम’ म्हणतात, अनेकवचनी ‘रोमा’. त्यांच्या भाषेचे नाव रोमानी. रोम शहराशी किंवा रोमानिया देशाशी या नावाचा संबंध नाही.

भारताचा धागा कसा सापडला?

भाषेतून. रोमांकडे ग्रंथ नव्हते, शिलालेख नव्हते, वंशावळी सांगणारे भाट नव्हते. होती ती फक्त बोली. जर्मनीतील हाले येथील योहान रुडिगर या विद्वानाने एका रोमा स्त्रीकडून काही वाक्ये तिच्या भाषेत करून घेतली आणि ती हिंदुस्तानीच्या व्याकरणाशेजारी ठेवून पाहिली. दोन्हींतील साम्य १७८२ मध्ये त्याने प्रसिद्ध केले. विल्यम जोन्सने कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या नात्यावर गाजलेले भाषण केले ते त्यानंतर चार वर्षांनी, १७८६ मध्ये.

रुडिगरला जे कष्टाने कळले, ते मराठी वाचकाला घरबसल्या तपासता येते. रोमानीत पाण्याला ‘पानी’ म्हणतात. माणूस म्हणजे ‘मनुष’, कान म्हणजे ‘कन’, नाक म्हणजे ‘नख’, दात म्हणजे ‘दंद’, काळा म्हणजे ‘कालो’, द्राक्ष म्हणजे ‘द्राख’ आणि चोर म्हणजे ‘चोर’च. मिठाला ‘लोन’ म्हणतात. आपल्याकडे मीठ हा शब्द आला तरी ‘लोणच्या’त जुने लोण टिकून आहे. ख्रिस्ती क्रुसासाठीचा रोमानी शब्द ‘त्रुशुल’. तो त्रिशूळच आहे, हे वेगळे सांगायला नको.

पण शब्द सारखे दिसले म्हणून नाते सिद्ध होत नाही. मराठीत ‘टेबल’ आहे म्हणून मराठी इंग्रजीची बहीण ठरत नाही. भाषाशास्त्रज्ञ पाहतात ते बदलांचे नियम. एकच ध्वनी शब्दामागून शब्दात एकाच दिशेने बदललेला दिसला, तर तो योगायोग नसतो. रोमानीत असा नियम सरळ दिसतो. आपल्याकडच्या घ, ध आणि भ यांच्या जागी तिथे ख, थ आणि फ येतात. म्हणून घर झाले ‘खेर’, घास म्हणजे गवत झाले ‘खास’. धूम म्हणजे धूर झाला ‘थुव’, भूमी झाली ‘फुव’, भगिनी म्हणजे बहीण झाली ‘फेन’. भ्राता झाला ‘फ्राल’. हाच ‘फ्राल’ पुढे इंग्लंडमधील रोमांच्या तोंडून इंग्रजीत शिरला आणि मित्राला ‘पाल’ म्हणण्याची पद्धत पडली.

दुसरा नियम ‘ड’चा. जिभेचे टोक टाळूकडे वळवून उच्चारले जाणारे ट, ड, ण हे मूर्धन्य वर्ण भारतीय भाषांची खूण मानले जातात. युरोपात ते टिकले नाहीत. रोमानीत अशा ‘ड’च्या जागी ‘र’ आला. या नियमाने ‘डोम’चा ‘रोम’ होतो. डोम हे उत्तर भारतातील जुने जातिनाम आहे. संस्कृत ग्रंथांत ते गाणाऱ्या-बजावणाऱ्या हलक्या मानलेल्या जातीसाठी येते. आर्मेनियातील याच धर्तीचे भटके स्वतःला ‘लोम’ म्हणवतात, तर सीरिया आणि पॅलेस्टाइनच्या परिसरातील ‘दोम’. एकच नाव तीन प्रदेशांत तीन उच्चारांनी टिकले. महाराष्ट्रातील ‘डोंबारी’ हे नावही त्याच घराण्यातले मानले जाते. याचा अर्थ मुळशीच्या जत्रेत दोरावर चालणारी मुलगी आणि बुडापेस्टमधला रोमा व्हायोलिनवादक एकाच आजोबांची नातवंडे, असा मात्र होत नाही. नाव एका धंद्याचे आणि एका सामाजिक पायरीचे असू शकते, आणि ती पायरी देशभर होती.

ते कोणत्या वाटेने गेले?

इथे उसने शब्द कामाला येतात. प्रवासाला निघालेला माणूस वाटेत गरजेच्या वस्तू घेतो, तशी भाषा शब्द घेते. व्हिएन्नातील भाषाशास्त्रज्ञ फ्रांत्स मिक्लोसिच याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमानीतील अशा शब्दांचे थर वेगळे केले आणि नकाशाच हाती आला. नशिबाला ‘बख्त’ हा शब्द फारसीतून आलेला. घोड्याला ‘ग्रास्त’ आणि भट्टीला ‘बोव’ हे आर्मेनियनमधून. रस्त्याला ‘द्रोम’ हा ग्रीक. अरबी शब्द मात्र फारच थोडे आहेत.

सगळ्यात बोलका पुरावा अंकांत आहे. येक, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. सहापर्यंत सगळे ओळखीचे. मग एफ्ता, ओख्तो, एन्या. सात, आठ आणि नऊ थेट ग्रीक. पुढे दहाला पुन्हा ‘देश’ आणि विसाला ‘बिश’. ग्रीक बोलणाऱ्यांमध्ये नुसते ये-जा करून मोजणी बदलत नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या बाजारात देवघेव करावी लागते. रोमांच्या पूर्वजांचा बायझंटाइन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तान-ग्रीसच्या टापूत, दीर्घ मुक्काम होता, हा निष्कर्ष त्यातूनच निघाला. कागदोपत्री दुजोरा नंतर मिळाला. १०५० च्या सुमारास कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये आलेल्या, भविष्य सांगणाऱ्या आणि चेटूक करणाऱ्या ‘अत्सिंकानी’ लोकांचा उल्लेख एका जॉर्जियन संतचरित्रात आहे. बहुतेक अभ्यासक हा रोमांचा युरोपच्या उंबरठ्यावरील पहिला उल्लेख मानतात.

भारतातला आरंभबिंदू कोणता, याचे उत्तर राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये दिले. रोमानीतील सर्वांत जुने बदल हिंदीच्या पट्ट्यातील, म्हणजे मध्यवर्ती भाषांशी जुळतात. पण ‘त्रिन’, ‘द्राख’, ‘फ्राल’ यांतला जोडाक्षरातला ‘र’ टिकून राहणे ही वायव्येकडील बोलींची खूण आहे. म्हणजे ही मंडळी आधी मध्य-उत्तर भारतातून वायव्येला सरकली, तिथे बराच काळ राहिली आणि मग बाहेर पडली. मराठीशी जुळणारे शब्द आपल्याला जवळचे वाटतात ते दोन्ही भाषा प्राकृतातून आल्या म्हणून. रोमा महाराष्ट्रातून गेले, असे त्यावरून म्हणता येत नाही.

केव्हा निघाले? मराठीतला ‘ते’ काय सांगतो?

शाळेत ‘तो, ती, ते’ घोकताना वैतागलेल्यांसाठी हा भाग खास आहे. संस्कृत-प्राकृतात तीन लिंगे होती. मराठी, कोकणी आणि गुजरातीने तिन्ही राखली. हिंदीच्या पट्ट्यात मात्र इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीकडे नपुंसकलिंग गळाले आणि त्यातील शब्द उरलेल्या दोन लिंगांत वाटले गेले. मराठीत आजही ते घर, ते पाणी, ते दूध. हिंदीत तिन्ही पुल्लिंगी. रोमानीतही दोनच लिंगे आहेत, आणि खेर, पानी आणि थुद म्हणजे दूध तिन्ही पुल्लिंगी. हा बदल भारतात घडत असताना रोमांचे पूर्वज इथेच होते, त्यामुळे ते फार आधी गेलेले नसावेत, असा युक्तिवाद यावर उभा आहे.

जनुकशास्त्र थोडे वेगळे सांगते. ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासाने युरोपभरच्या रोमा गटांची जनुके तपासली. मूळ गट वायव्य किंवा उत्तर भारतातून सुमारे १५०० वर्षांपूर्वी वेगळा झाला आणि बाल्कनमधून सुमारे ९०० वर्षांपूर्वी युरोपभर पांगला, असे त्यात म्हटले आहे. भाषेचा हिशेब आणि जनुकांचा हिशेब यांत काही शतकांचा फरक पडतो. पण दोन्ही घड्याळे एकच गोष्ट मोजत नाहीत. जनुके दाखवतात ती एखाद्या गटाने इतरांशी सोयरीक थांबवल्याची वेळ. त्या गटाने सिंधू ओलांडल्याची ती तारीखच असेल, असे नाही. जातींच्या देशात हे समजायला अवघड जाऊ नये.

गेले ते कोण होते?

वाद पेटतो तो इथे. फिरदौसीच्या ‘शाहनामा’त एक कथा आहे. इराणचा राजा बहराम गूर याने हिंदुस्थानच्या राजाकडून दहा हजार गाणारे-वाजवणारे मागवले, त्यांना बैल, गाढवे आणि बियाणाला गहू दिला. त्यांनी गहू आणि बैल खाऊन टाकले. रागावलेल्या राजाने त्यांना गाढवांवर तारा-वाद्ये लादून जगभर हिंडायला सांगितले. कथा सुरस आहे, पण पाचव्या शतकातील राजाबद्दल अकराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या काव्यातली आहे. ती रोमांचीच, असे म्हणता येत नाही. भटका म्हणजे पेरायचे धान्य खाणारा, हा शेतकऱ्याच्या मनातला समज मात्र त्यात नेमका पकडला आहे.

दुसरे मत असे, की रोमा हे गझनीच्या महमूदाशी लढलेल्या किंवा त्याने पकडून नेलेल्या लोकांचे वंशज. काही रोमा अभ्यासकांनीही राजपूत योद्ध्यांची मांडणी केली आहे. महमूदाच्या स्वाऱ्या १००१ ते १०२७ या काळातल्या. कॉन्स्टॅन्टिनोपलमधील उल्लेख १०५० चा. मधल्या जेमतेम पन्नास वर्षांत फारसी आणि आर्मेनियन शब्दांचे एवढे थर साचले कसे, याचे समाधानकारक उत्तर या मांडणीकडे नाही. २०१२ मध्येच हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या दुसऱ्या अभ्यासाने पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरून माग काढला. त्यात रोमांचे सर्वांत जवळचे नाते वायव्य भारतातील आजच्या अनुसूचित जाती-जमातींशी, डोम गटांशी निघाले.

हा निष्कर्ष भारतात फारसा मिरवला जात नाही. पूर्वज योद्धे ठरले की सत्कार होतात, डोम ठरले की विषय बदलतो.

मग बंजारा म्हणजेच रोमा का?

तांड्यांमध्ये आणि समाजमाध्यमांवर हा दावा लोकप्रिय आहे. चंडीगडमध्ये भारतीय रोमानी अध्ययन संस्था स्थापन करणारे डब्ल्यू. आर. ऋषी यांच्या काळापासून भारतात रोमांविषयी आपुलकी वाढली. चंडीगडच्या १९८३ च्या रोमा महोत्सवाला इंदिरा गांधी आल्या होत्या. २०१६ मध्ये दिल्लीतील रोमा परिषदेत तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरे म्हटले. बंजारा स्त्रियांचे घेरदार घागरे, आरसे, नाणी आणि तांड्याचा नायक पाहिला की तुलना सहज सुचते. बंजारा स्वतःला ‘गोर’ आणि इतरांना ‘कोर’ म्हणतात, रोमा इतरांना ‘गाजो’ म्हणतात.

पण भाषेची कसोटी लावली तर गोरबोली राजस्थानीच्या घरात जाते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात ‘बंजारी किंवा लभाणी’ आहे ती भिल्ली आणि खानदेशीसोबतच्या १९०७ च्या खंडात. भटक्यांच्या बोलींचा वेगळा खंड १९२२ मध्ये निघाला. त्यात कोल्हाटी, गारुडी, बेलदारी अशा बोली आहेत, आणि इंग्रज साहेबांनी त्या खंडाला नाव दिले ‘जिप्सी भाषा’. युरोपात चुकून चिकटलेले नाव असे परत मायदेशी आले. बंजारा इतिहासही निराळा आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे हे व्यापारी मोगल फौजांच्या रसदीसोबत सतराव्या शतकात मोठ्या संख्येने दख्खनमध्ये उतरले. तेव्हा रोमांना युरोपात पोहोचून दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. दोघांचे फार दूरचे पूर्वज उत्तर-पश्चिम भारतात शेजारी असतील. त्याहून जवळचे नाते पुराव्यात दिसत नाही.

मूळ कळल्याने फरक काय पडतो?

रोमांसाठी तो जगण्या-मरण्याचा होता. आजच्या रोमानियातील वालाकियात १३८५ च्या एका सनदेत रोमांची चाळीस कुटुंबे मठाला दान दिल्याची नोंद आहे. तिथली आणि मोल्डाव्हियातील त्यांची गुलामगिरी १८५५-५६ मध्ये संपली. नाझींनी रोमांना वंश म्हणून मोजले, नोंदवले आणि मारले. बळींचे अंदाज दोन ते पाच लाखांपर्यंत जातात. युद्धानंतर भरपाई मागायला गेलेल्यांना पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये सांगितले, की १९४३ पूर्वीची कारवाई वंशावरून नव्हती, ती गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी होती. हा वंशसंहारच होता, अशी सरकारी कबुली यायला १९८२ उजाडले. त्याआधी १९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चक्र घेतले होते. आम्ही कुठून तरी आलो आहोत, आम्हाला भाषा आहे, इतिहास आहे, हे सांगणारे ते चिन्ह. ८ एप्रिल ही त्याच परिषदेची तारीख.

‘गुन्हेगारीला आळा’ हे शब्द महाराष्ट्रातील भटक्यांनाही ऐकून माहीत आहेत. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवले, हजेरी लावली आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती केल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. आज राज्यात वडार, बंजारा, कैकाडी विमुक्त जातींत आहेत, तर कोल्हाटी-डोंबारी भटक्या जमातींत.

त्यांच्यापुढचा प्रश्न रोमांच्या उलट आहे. हजार वर्षांपूर्वी कुठे होता, हे त्यांना कुणी विचारत नाही. २१ नोव्हेंबर १९६१ रोजी कुठे होता, हे विचारले जाते. विमुक्त-भटक्यांना महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळवायचा, तर कुटुंब त्या तारखेला राज्यात राहत होते, याचा पुरावा लागतो. हिंजवडीच्या बांधकामांवर राबणारे आणि दर दोन वर्षांनी पत्र्याची खोली हलवणारे कुटुंब मुळशीतच वाढलेल्या मुलासाठी दाखला काढायला पौडला गेले, तर आजोबांचा सातबारा किंवा शाळेचा दाखला मागितला जातो. आजोबा शाळेत गेले असते आणि त्यांना जमीन असती, तर ते भटके कशाला राहिले असते, हा सवाल या समाजाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे करत आहेत.

भाषा आणि चालीरीतींवरून मूळ ओळखण्याची पद्धतही इथे सरकारी झाली आहे. प्रामुख्याने अनुसूचित जमातींच्या दाखल्यांची पडताळणी करताना दक्षता पथक बोली, कुलदैवत, लग्नाचे विधी विचारते. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले, की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. स्थलांतर, शिक्षण आणि इतरांशी संपर्क यांमुळे जुन्या खुणा पुसल्या जाऊ शकतात, हे न्यायालयाने याआधी २०११ मध्येही मान्य केले होते. सात, आठ, नऊ ग्रीकमध्ये मोजणारा रोमा या चाचणीला बसला असता, तर बहुधा तिसऱ्याच प्रश्नाला नापास झाला असता.

दरम्यान, मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेल्यानंतर २०२५ मध्ये बंजारा समाजही त्याच गॅझेटकडे बोट दाखवून अनुसूचित जमातीचा दर्जा मागत रस्त्यावर उतरला. आदिवासी संघटनांचा त्याला विरोध आहे. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत, कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत आहेत. तांडा तोच, बोली तीच. राज्याची सीमा ओलांडली की प्रवर्ग बदलतो.